पाणविंचवाची शेपटी डंख मारत नाही

शाळेची निसर्गसहल तळ्याकाठी पोचली की मोठ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "लांब व्हा, डासांचं पाणी आहे." तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्यातही हेच, आणि कल्याणच्या काळ्या तलावावर किंवा डोंबिवलीजवळच्या निळज्याच्या तळ्यावरही हेच.

डेंग्यूच्या डासाला खरं मानवतं ते कुंडीखालच्या ताटलीतलं, जुन्या टायरमधलं, गच्चीवरच्या उघड्या पिंपातलं पाणी. तिथं त्याच्या अळ्यांना खाणारं कुणी नसतं. जित्याजागत्या तळ्यात मासे असतात, पाणकिडे असतात आणि चतुराची पिल्लं असतात. असं एखादं पिल्लू पांढऱ्या बशीत घेऊन मुलांना जरूर दाखवावं. मातकट रंग, सहा पाय, उडण्याजोगे पंख अजून फुटलेले नाहीत. समोर अळी वळवळली की तोंडाखाली घडी घालून ठेवलेला खालचा ओठ झटकन पुढे येतो आणि अळी पकडतो. पिल्लू बिचकलं तर मागच्या बाजूनं पाण्याची पिचकारी मारून सटकतं. श्वासही ते तिथूनच घेतं! काठच्या गवताला पाठीवर चीर असलेली तपकिरी साल चिकटलेली दिसते. मुलांना तो मेलेला किडा वाटतो. खरं तर तिच्यातून चतुर केव्हाच उडून गेलेला असतो.

पाणविंचवाचं नाव ऐकून शिक्षकही दचकतात. त्याची लांब शेपटी म्हणजे श्वासाची नळी. तिचं टोक पाण्याबाहेर काढून तो हवा घेतो. शेपटीत विष नाही. मात्र हातात दाबून धरला तर सोंडेनं चावतो, म्हणून तो बशीतच पाहावा.

पहिल्या पावसात दिसणारे पिवळेधमक बेडूक विषारी किंवा परदेशी नसतात. ते आपल्याकडच्या मोठ्या बेडकाचे नर. विणीच्या दिवसांत तेवढे पिवळे होतात. भेकाला हात लावल्यानं चामखीळही येत नाही, ती माणसांतल्या विषाणूमुळे येते. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं, तेव्हा हात धुवायचेच.

बेडकाची पिल्लं बाटलीत भरून घरी नेण्याचा हट्ट मात्र मोडावा. पाय फुटून शेपटी आखडू लागली की त्यांना हवेत श्वास घ्यायला बाहेर चढावं लागतं. बाटलीत ती बुडून मरतात.

ज्याची खरी काळजी घ्यायची, त्याबद्दल बहुधा कुणी बोलत नाही. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, आणि पायावरची ताजी जखम त्याला पुरते. काठावरचं शेवाळ निसरडं असतं. खरचटलेल्या मुलाला पाण्यात हात-पाय घालू देऊ नयेत, त्यानं बशी धरावी. बाकीच्यांना बाईंनी उथळ काठावर ओणवं बसून पाहू द्यावं, आणि निघण्याआधी बशीतलं सगळं त्याच तळ्यात परत सोडावं.