तीन वर्षं उभी असलेली सॅन स्टॉर्म आणि १४ हजारांचा अंदाज

म्हापशाला गॅरेज चालवणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याचा किस्सा मी व्हिडिओत दोन मिनिटांत उरकला होता. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचे १४ हजार रुपये त्यात अडकले होते.

गाडी होती सॅन स्टॉर्म. गोव्यातच बनलेली, दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी पेट्रोल. मालक हौशी, पण गाडी तीन वर्षं शेडमध्येच उभी. तक्रार अशी, की स्टार्ट होते, पाचेक मिनिटं चालते आणि झटके खाऊन बंद पडते.

पोराने काय केलं? बॅटरी नवीन टाकली. प्लग बदलले. मग फ्युएल पंप. सगळं स्वतःच्या खिशातून, आणि गाडी तशीच! मालक म्हणाले, "चालू झाली की पैसे देतो."

आता बघा, रोजच्या गाडीत पार्ट झिजतात. उभ्या गाडीत ते सुकतात, चिकटतात, गंजतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. म्हणून आधी जुनं पेट्रोल काढायचं. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, एअर फिल्टरमध्ये घर केलंय का, ते बघायचं. (हसू नका, पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं.) टायमिंग बेल्ट नुसता किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बाद होतो. आणि गाडी पळवण्याआधी ती थांबते का ते तपासा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, कॅलिपर जाम होतात.

पण स्टॉर्मची खरी गंमत वेगळीच. तिची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याच्या बॉडीतून अर्थिंग होतं, फायबरमधून होत नाही. त्यामुळे अर्थसाठी वेगळ्या वायरी लागतात, आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्या बोल्टला गंज चढतो.

शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं पंपाच्या अर्थ वायरला लावलं आणि पंप चालू ठेवला. रीडिंग जवळपास शून्य हवं, ०.२ व्होल्टच्या आत. आलं २.८! म्हणजे पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळतच नव्हतं. गंजलेला जोड तापला की करंट आणखी अडतो, म्हणून ती पाच मिनिटं. बोल्ट घासला, नवीन लग लावला, सामान ४० रुपयांचं. जुना पंप परत लावून पाहिला, तर तोही ठणठणीत.

बॅटरीचे पैसे मालकांनी दिले, ती खरंच गेली होती. पंप मात्र दुकानदाराने परत घेतला नाही. इलेक्ट्रिकचा माल एकदा बसवला की कोण परत घेतो?

आता हा मुलगा उभ्या गाडीसाठी तपासणीचे १५०० रुपये आधी घेतो. काय मोजलं, किती आलं ते कागदावर लिहितो आणि मालकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर होकार आल्याशिवाय पार्ट मागवत नाही. "नुसतं बघायचे पैसे कसले?" म्हणून दोन गिऱ्हाइकं गेली. माझ्या मते ती गेली ते बरंच झालं.

नवा पंप अजून त्याच्या कपाटात पडून आहे. ओळखीत कुणाकडे स्टॉर्म असेल तर कळवा.