न्यूट्रलला चालतं, गिअर टाकला की बंद: बोटीच्या इंजिनाचं दुखणं कसं शोधायचं?

जतचा माणूस बोटीच्या इंजिनावर लिहितोय म्हटल्यावर हसू येणं साहजिक आहे. आमच्या तालुक्यात पाणी म्हणजे टँकर, नाहीतर म्हैसाळ योजनेचा कॅनॉल. पण जिल्हा एकच. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45 फूट), आणि त्याच महिन्यात जतच्या गावांत टँकर फिरत होते. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्या पुरानंतर नदीकाठी ‘यांत्रिक बोट’ आणि ‘ओबीएम’, म्हणजे बोटीच्या मागे लटकवायची आऊटबोर्ड मोटर, हे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले.

माझ्या मामांचं गाव असंच नदीकाठी. गेल्या वर्षी जूनमध्ये तिथं बोटीची तपासणी होती, मीही गेलो. दोरी ओढली, दुसऱ्या झटक्यात मोटर सुरू. न्यूट्रलला छान गुरगुरत होती. गिअर पुढे टाकला आणि फट्... बंद. परत सुरू, परत गिअर, परत बंद. असं चारदा झालं. मग मी पुढे सरसावलो. आयडल स्पीडचा स्क्रू दिसला, तो पिळला. गिअर पडला, इंजिन चालू राहिलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त गिअर पडताना ‘खाड्’ असा आवाज आला. घाटावर बसलेले एक जुने मिस्त्री म्हणाले, “अहो इंजिनिअर साहेब, स्क्रू सगळ्यात शेवटी. आधी पंखा बघा की!”

ते का बरोबर होते, ते समजून घेऊ.

ट्रॅक्टरला क्लच असतो. तो हळूहळू सोडला की ओझं इंजिनावर हळूहळू येतं. आऊटबोर्ड मोटरला असा क्लच नसतो. खाली गिअरच्या डब्यात पुढचा आणि मागचा असे दोन गिअर सतत फिरत असतात, आणि मधला दातेरी तुकडा सरकून त्यातल्या एकात अडकतो. मध्ये ‘अर्धा क्लच’ असं काही नाहीच. पंखा एका क्षणात पाणी कापायला लागतो आणि सगळं ओझं एकदम येतं. म्हणून गिअर नेहमी कमी स्पीडला, पण ठामपणे टाकायचा. भीत भीत हळू ढकलला तर दात एकमेकांवर घासतात. आणि मी केलं तसं स्पीड वाढवून टाकला तर दातांवर हातोडा बसतो. तो ‘खाड्’ आवाज त्याचाच होता.

ओझं जास्त, की ताकद कमी?

शोध इथून सुरू करायचा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो, आधी चूक कुठल्या अर्ध्या भागात आहे ते बघतो.

ओझ्याची बाजू तपासायला पाच मिनिटं पुरतात. इंजिन बंद करा, किल स्विचची लाल दोरी काढा, प्लगची वायर सोडवा. हे केल्याशिवाय पंख्याजवळ हात नेऊच नका. मग मोटर वर उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून पंखा हाताने फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. पुराच्या पाण्यात दोरखंड, साड्या, ठिबकच्या नळ्या, उसाचा पाला काय काय वाहत येतं. ते दांड्याला गुंडाळलं जातं. मासेमारीचा तंगूस तर वरून दिसतही नाही. तो सील कापतो आणि गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. तिथलं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय.

पंखा मोकळा फिरतोय आणि ऑइलही स्वच्छ आहे? मग बहुतेक वेळा ताकद कमी पडतेय. न्यूट्रलला इंजिनाला फक्त स्वतःला फिरवायचं असतं, त्याला थेंबभर पेट्रोल पुरतं. ओझं आलं की जास्त लागतं आणि तेव्हाच तुटवडा उघडा पडतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. (हसू नका, हा स्क्रू भल्याभल्यांना फसवतो.) मग एकाने गिअर टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायचं. इंजिन टिकलं तर पंपात, फिल्टरमध्ये किंवा नळीत गडबड आहे. फुग्याने फरक पडला नाही, पण थोडा चोक ओढल्यावर टिकलं, तर कार्बोरेटरचं बारीक छिद्र, म्हणजे आयडल जेट, तुंबलंय.

आमच्या बोटीत तेच निघालं. पूर ओसरल्यावर मोटर शेडमध्ये गेली ती थेट जूनमध्ये बाहेर आली. आत जुनं पेट्रोल सुकून चिकट झालेलं. जेट साफ केला, स्क्रू मूळ जागी आणला, गिअर गुपचूप पडला.

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल पाणी शोषतं आणि ते जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. नळीही तळातूनच ओढते. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नका. टू-स्ट्रोक मोटरमध्ये अंदाजाने जास्त ऑइल ओतलं की प्लग काळा, ओला होतो. मॅन्युअलमध्ये 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, बस्स.

फक्त एकाच दिशेचा गिअर टाकल्यावर बंद पडत असेल तर केबल आणि गिअरचा डबा बघावा लागेल. काही मोठ्या मोटरींना गिअर काढताना क्षणभर ठिणगी तोडणारा स्विचही असतो. तो अडकला तरी इंजिन मरतं. इथं मात्र मेकॅनिक बोलवा.

न्यूट्रलची तपासणी ही तपासणी नव्हे

मला खटकलं ते वेगळंच. त्या दिवशी घाटावर कुणी गिअर टाकलाच नसता, तर ‘मोटर चालू’ अशी नोंद झाली असती आणि बोट परत शेडमध्ये गेली असती. ऑगस्टमध्ये, आठ-दहा माणसं बसवून धारेत नेल्यावर ती पहिल्या गिअरलाच बंद पडली असती. पत्र्याच्या पिंपातही खरं ओझं येत नाही. बोट पाण्यात सोडा, घाटाला घट्ट बांधा, पंख्याजवळ कुणी नाही हे बघा आणि दोन्ही गिअर टाकून दहा मिनिटं चालवा.

मामांच्या गावात आता हे उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा करतात. ठेवताना पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. हे मात्र मोटरचा पाय पाण्यात असतानाच करायचं. कोरडं चालवलं तर पाणी खेचणारा रबरी इम्पेलर जळतो. आणि मिस्त्रींच्या सांगण्यावरून बोटीत दोन वल्ही आणि नांगराचा दोर कायमचे बांधून ठेवलेत.