विश्लेषण : गेममधले पात्र कोणाचे, खेळणाऱ्याचे की लेखकाचे?

गेममधले पात्र प्रश्न विचारते आणि पडद्यावर तीन-चार उत्तरे उमटतात. त्यातले एक निवडले की कथा पुढे सरकते. या ‘संवाद-पर्यायां’मुळे आपले पात्र खरेच आपले होते का?

संवाद-पर्याय नेमके काय करतात?

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यावर एक गेम बेतला आहे, अशी कल्पना करा. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. तुम्ही चांदबिबी आहात. मुरादचा वकील वऱ्हाड मागतो. पडद्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच पर्याय असतील, तर तुम्ही फक्त निर्णय घेता. ‘देते, पण बालराजा बहादूरची गादी मान्य करा’, ‘सरदारांना विचारून सांगते’ किंवा नुसते मौन, असेही पर्याय असतील तर तुम्ही व्यक्ती घडवता. यादीत जे नाही, ते तुमचे पात्र बोलूच शकत नाही. म्हणजे पात्राची हद्द लेखक आखतो आणि त्या हद्दीत कसे वागायचे ते खेळणारा ठरवतो.

पर्याय एक आणि बोलणे भलतेच, असे होते का?

होते. २००७ च्या ‘मास इफेक्ट’ने पर्यायांचे चक्र आणले. त्यात पूर्ण वाक्याऐवजी त्याचा थोडक्यात सारांश दिसतो. खेळ वेगवान होतो, पण पात्र प्रत्यक्षात काय बोलेल याची खात्री राहत नाही. ‘एल.ए. न्वार’ (२०११) या पोलीस तपासाच्या गेममध्ये ‘शंका’ हा पर्याय सौम्य वाटायचा, पण तो निवडताच नायक कधीकधी साक्षीदारावर खेकसायचा. २०१७ च्या नव्या आवृत्तीत या पर्यायांची नावेच बदलण्यात आली. ‘फॉलआऊट ४’ (२०१५) मध्येही चारच त्रोटक पर्याय होते. शेवटी खेळाडूंनीच पूर्ण वाक्ये दाखवणारा ‘मॉड’ तयार केला. त्याच कंपनीने ‘स्टारफील्ड’मध्ये (२०२३) पुन्हा पूर्ण वाक्ये दिली.

शब्द महत्त्वाचे की हेतू?

‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) मध्ये काही ठिकाणी एकच वाक्य दोनदा दिसते, एकदा ‘खरे’ म्हणून आणि एकदा ‘खोटे’ म्हणून. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, बोलणाऱ्याला कळतो. ‘मी वऱ्हाड देते’ हे वाक्य मनापासूनचे की वेळ काढण्यासाठीचे, हे खेळणाऱ्याला ठरवता आले, की ते पात्र त्याचे होते.

मग भरपूर पर्याय का देत नाहीत?

प्रत्येक प्रसंगाला तीन पर्याय आणि प्रत्येकाची वाट वेगळी ठेवली, तर पाच प्रसंगांनंतर २४३ वाटा होतात. एवढ्या लिहिणे आणि ध्वनिमुद्रित करणे परवडत नाही. म्हणून लेखक वाटा पुन्हा एकत्र आणतात, पण निवडीची नोंद ठेवतात. ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) मध्ये ‘हे तो लक्षात ठेवेल’ अशी सूचना येते, उत्तराला वेळेची मर्यादा असते आणि गप्प राहणे हेही उत्तर धरले जाते. कथेचा शेवट फारसा बदलत नाही, पण माणसे तुमच्याशी वेगळी वागू लागतात.

इतिहासातही अशी नोंद राहते. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन चांदबिबीने किल्ला राखला. १६०० मध्ये तिने पुन्हा तहाची भाषा केली, तेव्हा ती फितूर झाल्याचा संशय पसरला आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले, असे इतिहासकार नोंदवतात. तहाचा तोच पर्याय, पण ऐकणारे बदलले होते.

मराठीत असा गेम लिहिला तर?

इंग्रजीत मुरादलाही ‘यू’ आणि शिपायालाही ‘यू’. मराठी लेखकाला ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे आधी ठरवावे लागेल. वकिलाला ‘तू’ म्हटले तर अपमान, ‘तुम्ही’ म्हटले तर बरोबरी, ‘आपण’ म्हटले तर अदब. वऱ्हाडाचा विषय निघण्याआधीच एका सर्वनामाने चांदबिबी कोण आहे ते कळते. शिवाय ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांत बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. खेळणाऱ्याला पुरुष किंवा स्त्री पात्र निवडू द्यायचे, तर अशी कितीतरी वाक्ये दोनदा लिहावी लागतील.

याने काम वाढेल हे खरे. पण नगरचा एखादा मुलगा इंग्रजी गेममध्ये राजाशी बोलतो, तेव्हा आदर दाखवायचा की उर्मटपणा, हे त्याला अख्ख्या वाक्यातून शोधावे लागते. घरी आजोबांशी आणि मित्राशी बोलताना हीच निवड तो दिवसातून शंभरदा, न अडखळता करतो. मराठी गेममध्ये ती त्याच्या हाती येईल.