नांदगाव पेठच्या ४५ अंशात ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय? मग आधी खोलीचं तापमान बघा

मे महिन्याची दुपार. अमरावती-नागपूर हायवेवर ऊन मी म्हणत असतं. नांदगाव पेठच्या एमआयडीसीकडे जाणारा रस्ता सुनसान झालेला असतो आणि कुठल्या तरी घराच्या मागच्या खोलीत एक पोरगा कूलर फुल्ल करून गेम खेळत बसलेला असतो. तेवढ्यात मित्राचा मेसेज येतो, "काय भौ, किती एफपीएस येऊन राह्यले?"

आकडा सांगितला की पुढचा सल्ला ठरलेला. ओव्हरक्लॉक कर, फुकटात दहा टक्के वाढते.

सल्ला खोटा नाही. पण तो ज्या व्हिडिओतून आलेला असतो, त्या व्हिडिओतल्या खोलीत एसी चालू असतो आणि तापमान असतं २२ अंश. वऱ्हाडातल्या मे महिन्यात कूलर बंद पडला तर खोलीच ४० च्या वर जाते. शेजारच्या अकोल्यात मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना चक्क कलम १४४ लावावं लागलं होतं, कोचिंग क्लासच्या वेळा बदलायला लावल्या होत्या. अशा हवेत ओव्हरक्लॉकिंगचं गणित पार बदलतं.

आणि पणाला काय लागलेलं असतं तेही बघा. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे तीस हजारांचं कार्ड हे चार क्विंटलांहून जास्त कापसाचे पैसे झाले. ते जळालं तर घरी दुसऱ्यांदा मागायची सोय नसते.

तर ओव्हरक्लॉक म्हणजे नक्की काय?

ग्राफिक्स कार्डमधली चिप एका ठरावीक तालावर काम करते. हा ताल मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. आरटीएक्स ३०६० घेतलं तर कंपनीने सांगितलेला बूस्ट क्लॉक १,७७७ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १७८ कोटी ठोके. कंपनी हा आकडा हातचं राखून ठरवते, कारण लाखो चिपा निघतात आणि त्यातली सगळ्यात सुमार चिपसुद्धा त्या वेगाने चालली पाहिजे. तुमच्या वाट्याला बरी चिप आली असेल तर ती आणखी थोडी पळू शकते. ही उरलेली ताकद वापरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

पण यात एक गोम आहे. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतं. तापमान कमी आहे, वीज शिल्लक आहे, असं दिसलं की ते छापलेल्या आकड्याच्याही वर जातं. गरम झालं की छोट्या छोट्या पायऱ्यांनी खाली उतरतं. म्हणजे पूर्वीसारखी वाया जाणारी ताकद आता फारशी उरलेली नाही. हाताने ढकलून नव्या कार्डातून साधारण ५ ते १० टक्के मिळतात, अनेकदा त्याहूनही कमी. ६० एफपीएस असतील तर ६३-६५ होतील. ३० चे ६० होणार नाहीत, कोणी काहीही सांगो.

ही उष्णतेची भानगड नांदगाव पेठवाल्यांना वेगळी समजावायची गरज नाही. गावाजवळच २७० मेगावॉटचे पाच संच असलेला, एकूण १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. 'सोफिया' या नावाने गाजलेला हा प्रकल्प वादात सापडला तो पाण्यामुळे. अप्पर वर्धा धरणातलं सिंचनाचं पाणी प्रकल्पाला द्यायला शेतकऱ्यांनी विरोध केला, आंदोलनं झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. वीज बनवायला एवढं पाणी कशाला लागतं? मुख्यतः थंड करायला. मशीन किती काम करेल हे शेवटी त्यातली उष्णता किती वेगाने बाहेर काढता येते यावर ठरतं. १,३५० मेगावॉटचं मशीन असो की १७० वॉटचं कार्ड, नियम तोच.

आता आकडेमोड

कार्डावरचा पंखा हवा थंड करत नाही, तो खोलीतलीच हवा चिपवरच्या हीटसिंकमधून ढकलतो. त्यामुळे चिप कायम खोलीपेक्षा काही अंश जास्तच गरम असते, आणि तेवढ्याच लोडला हा फरक साधारण सारखाच राहतो. समजा, २५ अंशाच्या खोलीत कार्ड ६८ वर चालतंय. फरक झाला ४३. खोली ४२ अंश झाली की तेच कार्ड ८५ च्या आसपास जाणार. सेटिंगला हात न लावता!

आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे. त्याच्या बरंच आधीपासून कार्ड वेग कमी करायला लागतं. म्हणजे मे महिन्यात ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड स्क्रीनवर +१०० दाखवतं, पण प्रत्यक्षात उष्णतेमुळे डिसेंबरपेक्षा हळू चालतं. वीज जास्त, आवाज जास्त, एफपीएस तेवढेच. कहर म्हणजे बेंचमार्क पहिल्या दोन मिनिटांत बघून बंद केला, तर हे कळतही नाही.

म्हणून पहिलं काम: काहीही न बदलता मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. ते फक्त अधिकृत साइटवरूनच घ्या. २०२१ मध्ये हुबेहूब दिसणारी बनावट साइट काढून त्यातून व्हायरस वाटला जात होता आणि खुद्द एमएसआयला इशारा द्यावा लागला होता. मग युनिजिनचं हेवन किंवा सुपरपोझिशन, नाहीतर तुमचाच एखादा जड गेम, अर्धा तास चालवा आणि क्लॉक, तापमान, वॉट आणि एफपीएस वहीत लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग दोन महिन्यांनी "कार्ड खराब झालं वाटते" म्हणत बसतात.

याच वेळी आणखी एक गोष्ट तपासून घ्या. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर जातोय का? व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये बऱ्याचदा प्रोसेसर अडतो आणि कार्ड निवांत असतं. तिथे ओव्हरक्लॉक करून एक फ्रेमही वाढत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि एफपीएस आधीच ९० येत असतील तर विषयच संपला.

प्रत्यक्ष कसं करायचं

कार्डाला खरंच वाव असेल तर कोर क्लॉक २५ मेगाहर्ट्झने वाढवा, दहा मिनिटं चालवा, ठीक वाटलं तर आणखी २५. कधीतरी स्क्रीन काळी होईल, गेम बंद पडेल किंवा ड्रायव्हर स्वतःच रीस्टार्ट होईल. घाबरायचं नाही, यात कार्ड जळत नाही. तिथून ३०-४० मेगाहर्ट्झ मागे या. मग मेमरी, तिला १००-१०० ने. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चमकणारे त्रिकोण दिसले की मागे या. मेमरीच्या बाबतीत एक फसवणूक होते. जीडीडीआर६एक्स सारखी नवी मेमरी चुकलेला डेटा पकडून पुन्हा पाठवते. त्यामुळे गेम बंद पडत नाही, ठिपकेही दिसत नाहीत, पण वेळ वाया जाऊन स्कोअर उलट कमी होतो. म्हणून मेमरीला आकडा वाढतोय की नाही एवढंच बघायचं.

विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करायचा पर्याय आठवडाभर तरी चालू करू नका. नाहीतर चुकीचं सेटिंग प्रत्येक वेळी आपोआप लागतं आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन निस्तरावं लागतं. कार्डाची बायोस बदलून जास्त व्होल्टेज देण्याचे व्हिडिओही सापडतील. तिकडे जाऊच नका. क्लॉक वाढवून कार्ड मरणं अवघड आहे, कारण तापमान आणि विजेची मर्यादा कार्ड स्वतः सांभाळतं. बायोस बदलली की तीच मर्यादा निघून जाते आणि वॉरंटीही.

वऱ्हाडात मात्र खरा फायदा उलट बाजूने आहे. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.०५ वरून ०.९० वर आणलं तर चिपच्या कामाला लागणारी वीज सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. कॅल्क्युलेटरवर करून बघा, ०.९० ला १.०५ ने भागायचं आणि वर्ग करायचा. तेवढी उष्णता कमी, म्हणजे पंखा हळू, म्हणजे मे महिन्यातही क्लॉक खाली घसरत नाही. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची रेषा उघडते. ०.९० च्या जागचा ठिपका हव्या त्या वेगापर्यंत उचलायचा आणि पुढची रेषा सपाट करायची. एएमडी कार्ड असेल तर त्यांच्याच ॲड्रेनलिनमध्ये ही सोय असते. प्रत्येक चिपला ०.९० झेपेलच असं नाही. बंद पडलं तर ०.९२५ करा. नुकसान काही होत नाही.

आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल ठेवता येतात. एक उन्हाळ्याचं, अंडरव्होल्टचं. एक हिवाळ्याचं, जेव्हा रात्री पारा १०-१२ वर येतो आणि कार्ड मोकळं पळू शकतं. ओव्हरक्लॉकची हौस तेव्हा भागवा.

कूलर, कापूस आणि अर्थिंग

कोणत्याही इंग्रजी व्हिडिओत न सापडणारा भाग हा. कोरड्या हवेत डेझर्ट कूलर फार छान काम करतो, ४४ अंशाची हवा ३० च्या आसपास आणतो. म्हणजे वरच्या गणितात कार्ड सरळ १४ अंशांनी थंड. दमट हवेने कार्डावर पाणी साचेल ही भीती मात्र खोटी आहे. पाणी थंड वस्तूवर साचतं आणि चालू कार्ड खोलीपेक्षा गरमच असतं. खरा धोका कूलरमधून उडणाऱ्या बारीक थेंबांचा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर विचारूच नका. कूलरच्या टट्टीवर जो पांढरा थर बसतो, तोच क्षार थेंबांसोबत कॅबिनेटमध्ये जातो आणि ओल धरून सर्किट खातो. कूलरचा झोत थेट पीसीवर ठेवू नका, पीसी बाजूला आणि जरा दूर हवा. खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओली हवा कोंडून कूलरच काम करणं सोडतो.

दुसरा शत्रू धूळ, आणि आपल्याकडची धूळ साधी नसते. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात. ते हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर बनवतात, ज्यातून हवा जातच नाही. पीसी पूर्ण बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने साफ करा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेने पंखा भन्नाट वेगात फिरला तर बेअरिंग जातं. अशी साफसफाई केल्यावर काही कार्डांचं तापमान एवढं उतरतं की ओव्हरक्लॉकचा विचारच मागे पडतो.

तिसरी गोष्ट विजेची. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असतं, तेवढे तो देईलच असं नाही. ओव्हरक्लॉकने कार्ड क्षणभर जो जास्तीचा झटका मागतं, तो तिथेच अडतो, आणि असा एसएमपीएस जाताना कधी कधी कार्डालाही सोबत घेऊन जातो. कार्डाआधी त्यावर खर्च करा. अर्थिंगही बघून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाचा मातीशी संबंध सुटतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ओळखीच्या वायरमनला बोलवा. जुन्या घरांत म्हणूनच उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. लाइट गेली की पीसीचं बटणही बंद करा, कारण लाइट परत येतानाचा झटका जास्त वाईट असतो.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली. त्यांची चिप बहुतेक वेळा ठीक असते, पण थर्मल पेस्ट वाळलेली, पॅड कडक झालेले आणि पंखे दमलेले असतात. अशा कार्डाला आधी नवी पेस्ट, मग अंडरव्होल्ट. ओव्हरक्लॉक नकोच.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वही पुन्हा काढा. हवा दमट झाली की कूलर खोली थंड करत नाही, बाहेर ३४ अंश असलं तरी आतही जवळपास तेवढंच राहतं. मेमध्ये नीट चाललेलं सेटिंग जुलैच्या उकाड्यात अर्धा तास चालवून, आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.