मुखवट्याखालील त्वचा

चित्रपटातील नट दुसऱ्याचे रूप धारण करतो, तेव्हाही त्या रूपाखालची त्वचा त्याची स्वतःचीच असते. तिला घाम येतो, ती ताणली जाते आणि वर लावलेल्या पदार्थाचे बरेवाईट परिणाम नटासच भोगावे लागतात. म्हणून रंगभूषा ही जशी कला आहे, तसेच ते शास्त्रही आहे.

१९३८ साली हॉलिवुडमध्ये ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. त्यात पत्र्याच्या माणसाची भूमिका बडी एब्सन यांच्याकडे होती. त्यांच्या चेहऱ्यावरील पांढऱ्या लेपावर ॲल्युमिनियमची बारीक पूड लावीत असत. ती श्वासावाटे फुप्फुसांत गेली. श्वसन कठीण होऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ती भूमिकाही सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या जॅक हेली यांच्यासाठी ॲल्युमिनियमची पूड न वापरता त्याचा लेप वापरण्यात आला. धातू तोच, परंतु पूड हवेत उडते, लेप चेहऱ्यास चिकटून राहतो.

नाक, कपाळ, हनुवटी यांचा आकारच पालटावयाचा असेल, तर केवळ रंग पुरत नाही. अशा वेळी प्रथम नटाच्या चेहऱ्याचा साचा घेतात. समुद्रशैवलापासून मिळणारे अल्जिनेट पाण्यात कालवून चेहऱ्यावर थापले, की काही मिनिटांत ते घट्ट होते. नाकपुड्या मात्र श्वासासाठी उघड्या ठेवतात. या साच्यात प्लास्टर ओतून नटाच्या चेहऱ्याची प्रतिकृती करतात आणि तिच्यावर मातीने नवे रूप घडवितात. त्या रूपाचा पुन्हा साचा घेऊन माती काढून टाकली, म्हणजे दोहोंमध्ये पोकळी उरते. रबराचा चीक घुसळून केलेला फेस तीत भरून भट्टीत तापविला, की हलके, लवचीक कृत्रिम अवयव तयार होतात. त्यांच्या कडा अत्यंत पातळ ठेवतात. नाहीतर जोड उघडा पडतो.

१९८० सालच्या ‘द एलिफंट मॅन’ या चित्रपटात जॉन हर्ट यांनी अशाच अवयवांच्या भाराखाली अभिनय केला. लंडनच्या रुग्णालयात जतन केलेल्या जोसेफ मेरिक यांच्या शरीराच्या साच्यांवरून रंगभूषाकार क्रिस्टोफर टकर यांनी ते घडविले होते. ते चढविण्यास ७ ते ८ तास लागत. म्हणून हर्ट एक दिवसाआड काम करीत.

हा त्रास केवळ वेळेचा नसतो. घामाचे बाष्पीभवन झाल्याने शरीर थंड राहते. रबराखाली ते नीट होत नाही. उष्णता कोंडते, साचलेल्या घामाने डिंक सुटू लागतो. काम संपल्यावरही अवयव ओरबाडून काढता येत नाहीत. योग्य द्रावकाने डिंक हळूहळू सैल करावा लागतो.

मुखवटा पातळ व लवचीक असला, तरच नटाच्या स्नायूंची बारीकशी हालचाल प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. नटाचा अभिनय दिसू देणे आणि त्याच्या देहास अपाय न होऊ देणे, या दोन कसोट्यांस उतरते तीच उत्तम रंगभूषा होय.