बिघाड कोठे आहे? आकडा तपासून घ्या!

९ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे पुणे व पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोणीकंद आणि चाकण येथील ४०० केव्ही उपकेंद्रांच्या मनोरावाहिन्यांत बिघाड झाला होता. दाट धुके व दव हे कारण सांगण्यात आले. अशा वेळी वस्तीत एकच प्रश्न असतो, "लाईट कधी येणार?" त्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते. बिघाड नेमका कोठे आहे?

गल्लीतल्या खांबावरचा बिघाड डोळ्यांना दिसतो. मनोरावाहिनी मात्र डोंगर आणि शेतांतून कित्येक किलोमीटर जाते. बिघाड होताच उपकेंद्रातील रिले हे यंत्र व्होल्टेज व करंट मोजून अंतर काढते. तारेचा अडथळा दर किलोमीटरला ०.३ ओहम धरला आणि यंत्राने १२ ओहम मोजला, तर बिघाड ४० किलोमीटरवर. हिशेब सोपा आहे. पण तार झाडाला टेकली असेल, तर झाडाचा अडथळाही त्यात मिसळतो. शेजारून दुसरी वाहिनी जात असेल, तर तिचाही परिणाम होतो. मग आकडा चुकतो.

१०० किलोमीटरच्या वाहिनीवर २ टक्के चूक म्हणजे २ किलोमीटर अलीकडे आणि २ किलोमीटर पलीकडे. दोन मनोऱ्यांत ३०० ते ४०० मीटर अंतर धरले, तर दहा-बारा मनोरे पाहणे आले. कागदावरची ही चूक लाईनमनला पायांनी फेडावी लागते, तीही रात्री, पावसात, चिखलात. त्यांत कंत्राटी कामगार असतात, आपल्या घरांतली मुले असतात.

नव्या पद्धतीत बिघाडातून निघालेली विद्युतलाट वाहिनीच्या दोन्ही टोकांना कोणत्या क्षणी पोहोचली, हे उपग्रहाशी जुळवलेल्या घड्याळांनी मोजतात. लाट जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावते. या वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर सुमारे १५० मीटरनेच चुकते.

तरीही यंत्र कोणतेही असो, त्याने सांगितलेले ठिकाण आणि प्रत्यक्ष सापडलेले ठिकाण दर वेळी वहीत शेजारी-शेजारी लिहिले गेले पाहिजे. आम्ही कारकुनी करणारी माणसे, ताळा जुळल्याशिवाय सही करीत नाही. तथागतांनीही कालामांना, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असाच उपदेश केला होता. आणि ठिकाण सापडले म्हणून घाई नको. वाहिनी बंद करून अर्थिंग केल्याशिवाय कोणालाही मनोऱ्यावर चढवू नये.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. बाबासाहेबांनी हाताळलेल्या या क्षेत्रात आपल्या मुलामुलींनी केवळ मनोऱ्यावर चढण्यासाठी नव्हे, तर रिलेचा आकडा वाचण्यासाठीही गेले पाहिजे. आयटीआय करा, डिप्लोमा करा, इंजिनिअर व्हा. चालणाऱ्याचे कष्ट ज्याने घरात पाहिले आहेत, तो आकडा अधिक जपून लिहील.

जय भीम!