आर्किटेक्टच असायला हवं असं नाही

हैदराबादचं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००३ मध्ये ‘लीड प्लॅटिनम’ ठरलं. अमेरिकेबाहेर हा दर्जा मिळवणारी ती पहिली इमारत. हरित इमारतींचं क्षेत्र आपल्याकडे किती नवं आहे, ते यावरून कळावं.

मानांकनं दोन-तीनच लक्षात ठेवा: लीड, आयजीबीसी आणि टेरीने विकसित केलेलं देशी ‘गृह’. पण इमारतीला तारे मिळवून देणं हे सल्लागाराचं काम. धोरणवाल्याचं काम वेगळं आणि बरंच रुक्ष. उदाहरणार्थ, घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ (२०१८) सांगते की थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त नको. हा एक आकडा शहराच्या बांधकाम नियमावलीत उतरवायचा, बिल्डरांच्या हरकतींना उत्तरं द्यायची, नकाशा तपासणाऱ्या अभियंत्याला तो समजावायचा. यातच वर्षं जातात. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. कायदा लागू होण्यासाठीची १०० किलोवॉट जोडभाराची मर्यादा राज्यांना आणखी खाली आणता येते. म्हणजे खरी कामं राज्यांच्या राजधान्यांत आहेत, दिल्लीतच असं नाही.

शिक्षण? वास्तुकला, अभियांत्रिकी, कायदा, अर्थशास्त्र, काहीही चालतं. ‘आयजीबीसी एपी’ची परीक्षा किंवा ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा (तिला अनुभवाची अट आहे) उपयोगी पडते. शासन निर्णयाची मराठी बिनचूक वाचता येणं मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.